गाडीला हात न लावता

इसमाचे संपूर्ण नाव : मिलिंद कोंडू भालेराव. वय : एकोणसाठ. राहणार : भिवंडी. धंदा : सेवानिवृत्त वीजमीटर-वाचक. बांधा : काटक. ओळखीची खूण : डावी चप्पल उजवीच्या आधी झिजते. वाहन : नाही. सदर इसम गेले वर्षभर तालुक्याच्या हद्दीत आठवड्यातून दोन ते तीन वेळा पायी फिरताना आढळून आला आहे. फिरण्याचे प्रयोजन : समाधानकारक सांगता आले नाही. सदर इसम कोणाच्याही वाहनात बसत नाही.

प्रयोजन भालेरावांनी सांगितलं होतं, अनेकांना सांगितलं होतं. ते कोणाला पटलं नाही, एवढंच.

तेहतीस वर्षं ते चाललेच होते. पण ते चालणं म्हणजे एका मीटरपासून दुसऱ्या मीटरपर्यंत. पायात जिना, समोर भिंत, नजर आकड्यावर. भिवंडीतल्या कोणत्या इमारतीत मीटर जिन्याखाली आहे आणि कुठे कुत्रं बांधतात, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. पण पडघ्याकडे जाताना डोंगर कोणत्या बाजूला लागतो, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. “मला आता काही वाचायचं नाही. नुसतं चालायचंय,” ते म्हणाले.

“नुसतं म्हणजे?” कलावतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं.

“नुसतं म्हणजे नुसतं.”

कलावतीबाईंना नुसतं या प्रकारातलं काही आवडत नाही. नुसता भात नाही, नुसतं बसणं नाही. त्यांचा पुतण्या विकी राहनाळच्या एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. तिथे गेटवर रजिस्टर घेऊन बसणारा विश्वासाचा माणूस हवा होता. काम खुर्चीतलं, सकाळी आठ ते रात्री आठ, समोर गाड्या आणि मागे पत्र्याची भिंत. भालेरावांना त्या खुर्चीच्या विचारानेच घाम फुटला. शेवटी कलावतीबाईंनी तोड काढली. “एक वर्ष देते. वर्षात एकदा तरी भिवंडी ते वज्रेश्वरी, गाडीला हात न लावता, चालून दाखवा. जमलं तर मरेपर्यंत चाला, मी विचारणार नाही. नाही जमलं, तर रजिस्टर.”

अंतर अठ्ठावीस किलोमीटर. भालेराव हसले. अठ्ठावीस किलोमीटर म्हणजे काय, जिने धरून ते एका दिवसात करत असत.

अडचण अंतराची नव्हती. आपल्याकडे चालणाऱ्या माणसाला कोणी चालू देत नाही, ही खरी अडचण होती. रस्त्याने एकटा माणूस चालताना दिसला की शंभरातले नव्वद जण गाडी थांबवतात, आणि उरलेले दहा त्याच्या घरी फोन करतात. भालेरावांनी पाइपलाइनच्या कडेचा रस्ता धरला, शेताच्या बांधावरून गेले, पण उपयोग झाला नाही. मोटारसायकली बांधावरही चालतात.

“चाचा, बैठो ना! कहाँ तक?”

“कहीं नहीं. पैदल जा रहा हूँ.”

“अरे पैसा थोडी ना माँग रहा हूँ!”

मग तो ट्रकवाला दहा मिनिटं ट्रक चालण्याच्या वेगाने शेजारून चालवत राही, आणि त्याच्या मागे हॉर्नची रांग लागे. शहाण्या माणसाने अशा वेळी बसून घ्यावं. भालेराव शेतात उतरत.

पहिला प्रयत्न जानेवारीतला. अणगावच्या अलीकडे एका पाड्यातून ते जात होते. एवढ्यात त्यांना ओळखून कोणीतरी ओरडलं, “मीटरवाले आले!” क्षणात तीन घरांतले टीव्ही बंद पडले, आणि एक बाई लांब काठीने वरच्या तारेवरचा आकडा काढताना दिसली. भालेराव हात वर करून म्हणाले, “मी रिटायर झालोय.” हे वाक्य चेकिंगला आलेला माणूसच बोलेल, यावर पाड्याचं एकमत झालं. त्यांना खाटेवर बसवलं, चहा आला, मग भाकरी आली, मग दौलत नावाचे एक गृहस्थ आले. ते वीज किती महाग झाली आहे यावर दीड तास बोलले. उठावं तर संशय वाढणार, म्हणून भालेराव बसले. उन्हं उतरली आणि रस्त्यावर विकीची मोटारसायकल दिसली. फोन कोणीतरी केलाच होता.

“काका, काकी म्हणतायत, हा प्रयत्न धरायचा का नाही?”

“धरू नको म्हणावं. चहा झालाय फक्त.”

दुसरा प्रयत्न मार्चमधला. तो अंबाडी नाक्यापर्यंत गेला आणि तिथे धर्माच्या प्रश्नावर अडला. वज्रेश्वरीच्या रस्त्याला अनवाणी नसला तरी घामाघूम असा माणूस पायी चालला आहे, म्हणजे देवीचा नवस, हे उघड आहे. टपरीवाल्याने सरबताचे पैसे घेतले नाहीत. “माऊली, आमच्या नावानं पन हात जोडा.” भालेरावांनी सांगितलं की आपण बौद्ध आहोत, देवळात जाणार नाही, गरम पाण्याच्या कुंडाशी पाय सोडून बसणार आणि परत येणार. टपरीवाला समजूतदारपणे हसला. “सगळेच पहिल्यांदा असंच म्हनतात.”

ही बातमी भालेरावांच्या आधी भिवंडीत पोहोचली. रविवारी विहारात मंडळाचे जीवन साळवे यांनी त्यांना बाजूला घेतलं.

“जय भीम, मिलिंददादा. एक विचारू का? रागावू नका. घरात काही आजारपण आहे का?”

“नाही.”

“मग देवीला कशाला?”

“देवीला नाही. वज्रेश्वरीला.”

“तेच ते.”

“तेच ते नाही, जीवन! बस पण वज्रेश्वरीला जाते. बसला तू विचारलंस का कधी?”

जीवनने बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकदा सामूहिकपणे वाचण्याची सूचना मांडली. ती मंजूर झाली. वाचताना सगळे भालेरावांकडे बघत होते. पुढचे तीन महिने त्यांनी वज्रेश्वरीचं नाव काढलं नाही. ते पडघ्याकडे, राहनाळच्या मागच्या खाडीकडे असे फिरत राहिले. राहनाळात गोडाऊनवाल्यांनी त्यांना जागा बघायला आलेला एजंट समजून दोन प्लॉट दाखवले.

मुलगी संघरत्ना ठाण्याला असते. ती फोनवर म्हणाली, “पप्पा, कानात हेडफोन घाला आणि चांगले बूट घ्या. मग लोकांना वाटतं व्यायाम करताय. कोणी थांबवत नाही.” भालेरावांनी बूट घेतले. पहिल्याच दिवशी एका रिक्षावाल्याने हातात ते बूट बघून विचारलं, “पाय दुखतायत का काका? बसा.” बूट चावत होते, म्हणून ते हातात होते.

वर्ष संपायला एक रविवार उरला. भालेराव पहाटे पाचलाच निघाले. कोणी उठायच्या आत अणगाव मागे टाकलं. त्याच्या अलीकडच्या पाड्याला वळसाच घातला होता. अंबाडी नाक्यावर रुमाल तोंडाला बांधला. अकराच्या सुमारास वज्रेश्वरी दोन किलोमीटर असल्याचा दगड लागला. दगडाला हात लावून ते थांबले. ते नंतर म्हणाले की त्या क्षणी त्यांच्या डोक्यात एकही आकडा नव्हता. तेहतीस वर्षांत प्रथमच.

आणि मागून टेम्पो आला. ओळखीच्या हिरामणचा भाजीचा टेम्पो, आणि त्यात हिरामणशेजारी बसलेली भालेरावांची आत्या. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, गणेशपुरीला लेकीकडे निघालेली.

“कोन रं? मिलिंदा? थांबव, थांबव! बस वर.”

“आत्या, मी चालतोय.”

“ते दिसतंय. बस.”

“आत्या, थोडंच राहिलंय. मी येतो मागून.”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग दार उघडलं आणि काठी खाली टेकवली.

“आत्या, काय करतेस?”

“उतरतंय. भावाचं पोर उन्हात चालतंय न् मी गाडीत बसून जाऊ? लोक काय म्हनतील? चल. मी पन चालतंय.”

“अगं तुझे गुडघे!”

“गुडघे माजे हायत.”

हिरामणने स्टिअरिंगवर हात ठेवून दुसरीकडे बघितलं. हे भांडण घरातलं होतं. आत्या खरोखरच खाली उतरली आणि पाच पावलं चालली. सहाव्या पावलाला तिने टेम्पोच्या फाळक्याचा आधार घेतला, पण तोंड वज्रेश्वरीकडेच ठेवलं. भालेरावांनी रस्त्याकडे पाहिलं, आत्याच्या पायांकडे पाहिलं. मग तिच्या काखेत हात घालून तिला वर बसवलं, आणि स्वतः मागे मेथीच्या जुड्यांत बसले.

“आता कसा शहाना!” आत्या पुढून म्हणाली.

कुंडापाशी ते अर्धा तास पाय सोडून बसले. पाणी गरम होतं. बसने घरी आले.

कलावतीबाईंनी दारातच विचारलं, “पूर्ण चाललात?” आत्याचा फोन येऊन गेला होता, पण त्यांनी ते सांगितलं नाही. भालेरावांनी हो म्हटलं असतं तर कदाचित बाईंनी ते चालवूनही घेतलं असतं.

भालेरावांनी चप्पल काढली. “सव्वीस,” ते म्हणाले. “शेवटचे दोन टेम्पोत.”

चुकीचं रीडिंग त्यांनी कधीच दिलेलं नाही.

सोमवारपासून ते रोज सकाळी साडेसातला विकीच्या मोटारसायकलवर मागे बसून राहनाळला जातात.