ताट चिकटवणारे भाऊ

स्वरा गावडे, वय सात, राहणार घाटकोपरच्या आमच्या डोंगरउतारावर. यंदा धुळवडीच्या दुपारी नळावर रंग धूत असताना गल्लीतलं कुत्रं तिच्या तळहाताला कडकडून चावलं. कुत्र्याचं काय ते सोडा. त्यानंतर माणसांनी जे केलं त्याबद्दल मी लिहिते आहे, आणि त्यातला मुख्य माणूस मला फार आवडायचा.

भाऊ तावडे. गिरणी बंद पडल्यावर इथे आलेले, आता सत्तरी ओलांडलेले, अंगात बंडी, दारात खुर्ची. कुत्रा चावलेलं मूल आणलं की भाऊ कोनाड्यातून काशाचं ताट काढायचे, मुलाच्या उघड्या पाठीवर दाबून बसवायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. ताट चिकटून राहायचं. आपोआप गळून पडलं की विष उतरलं. घामट पाठीला कुठलंही ताट चिकटतं आणि घाम सुकला की पडतं, हे मी आईचं ताट भावाच्या पाठीला लावून बघितलं होतं. भाऊंना तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या आयशीच्या ताटात जेवाण असता गो, मंत्र नसता."

लोक त्यांच्याकडे का जायचे ते मला कळतं. भाऊ सुपारीसुद्धा घेत नसत. रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन माकडाची नक्कल करत. "डॉक्टर घड्याळ बघता, मी पोराक बघतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि दवाखान्यात आम्हाला मिळणारी वागणूक बघता ते खोटं म्हणायची माझी हिंमत नव्हती. सरकारी इंजेक्शनवर मात्र त्यांचा दात होता. फुकट देतात म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं ते म्हणायचे. भाऊ, तुम्हीही फुकटच देता की, असं मी म्हटलं तेव्हा खो खो हसले. "म्हणानच तू माझ्यार संशय घेतंस."

घेतच होते.

त्या दिवशी स्वराची आई, सुषमाताई, आधी दवाखान्यातच धावल्या होत्या. सणाचं कुलूप. मोठं रुग्णालय लांब, पोर किंचाळतेय, शेजारचे म्हणाले भाऊंकडे ने. भाऊंनी ताट लावलं, ते पडलं, जखमेत हळद भरून फडकं घट्ट बांधलं. झालं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या आरोग्य गटाचं रेबीजवरचं पत्रक घेऊन त्यांच्याकडे गेले. हा आजार उमटला की मग हातात काही राहत नाही, उमटायला महिने लागू शकतात, तोवर मूल हसतं-खेळतं, हे सगळं सांगितलं. सुषमाताईंनी पत्रकावर लसूण सोलायला घेतला. "भाऊंनी तुला खांद्यावर खेळवलंय, आणि तू त्यांच्याविरुद्ध कागद वाटतेस?"

त्यानंतरच्या आठवड्यात मी मोठ्या रुग्णालयात, कुत्रा चावलेल्यांच्या रांगेत पत्रकं वाटत होते. रांगेत भाऊ. टोपी कपाळावर ओढलेली, मांडीवर नात चिऊ, तिच्या पोटरीला दाताच्या खुणा. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, हिला ताट का नाही लावलं?

त्यांनी चिऊचा फ्रॉक पोटरीवर ओढला आणि हळूच म्हणाले, "आपल्या हाताचो गुण आपल्या घराक लागणा नाय."

मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. भाऊंना सगळं कळत होतं. की स्वतःलाही त्यांनी हेच पटवलं होतं? मला आजही सांगता येत नाही.

मी तडक सुषमाताईंकडे गेले आणि रांगेत काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, स्वराला कडेवर घेतलं आणि भाऊंच्या दारात जाऊन त्यांची वाट बघत उभ्या राहिल्या. भाऊ चिऊला घेऊन चढण चढून आले. सुषमाताईंनी एवढंच विचारलं, "भाऊ, चिऊला इंजेक्शन आणि माझ्या पोरीला ताट?"

भाऊ खुर्चीत बसले नाहीत. चिऊच्या केसांवर हात ठेवून खाली बघत म्हणाले, "हिका घेवन जा. आताच जा."

रुग्णालयात फडकं सोडलं तेव्हा आत पू झाला होता. जखम धुतली, तिच्याभोवती सुई टोचून औषध सोडलं, लस सुरू केली. स्वराने डॉक्टरला लाथ घातली. सगळे डोस पुरे झाले आणि पोरगी ठणठणीत आहे. उशीर तिला भोवला नाही. प्रत्येकाला असं नशीब मिळत नाही.

भाऊ माझ्याशी बोलत नाहीत. आता ते आधी इंजेक्शनलाच पाठवतात, असं त्यांचा मुलगा सांगतो. मी विश्वास ठेवलेला नाही. येताजाता त्यांच्या दारात डोकावते. त्यांची माकडाची नक्कल मला आठवते, तेही खरं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा प्रेमळ माणूस असेल. पोराला कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडलं, मग तो पाळलेला असो की भटका, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एक दवाखाना बंद असेल तर दुसरा. आणि "काही होत नाही" म्हणणाऱ्याला तोंडावर विचारा, तुमच्या नातीला चावला तर तिला कुठे न्याल? उत्तराची वाट बघू नका. रिक्षा थांबवा.