सागाच्या बल्ल्या आणि पितळी थाळी

आमच्या अंगणातला रेडिओचा खांब मामाजींच्या गोठ्याच्या बल्ल्यांचा होता. मामाजी म्हणजे माझे सासरे. नव्या गोठ्यासाठी त्यांनी सागाच्या लांब बल्ल्या आणून ठेवल्या होत्या. आमच्या यांनी त्यातल्या दोन मागितल्या, एकीवर एक जोडायला. मामाजी आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले, "घे. पण मिरगाच्या आत तुह्या डबड्याले कोणी जबाब नाही देला, तं बल्ल्या खाली. माह्ये बैल पाण्यात उभे नाही राह्यचे."

हे जऊळक्याच्या स्टेशनवर पार्सलच्या खोलीत कामाला होते. तिथल्या तारेची कटकट ऐकून ऐकून त्यांना रेडिओवर ठोक्यांनी दूरदूरच्या माणसांशी बोलायचा नाद लागला. लढाईतलं जुनं यंत्र त्यांनी मुंबईच्या भंगारातून आणवलं आणि महिनोन् महिने खोलून, जोडून बोलतं केलं. घरात वीज नव्हती. मोटारीची बॅटरी वाशिमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नेऊन भरून आणायची.

परवान्यासाठी परीक्षा होती. ठोक्यांवरून अक्षरं ओळखायची. सरावाला ठोके वाजवणारं कोणीतरी हवं, ती मी झाले. चौथीनंतर माझी शाळा सुटली, इंग्रजी अक्षर मला येत नव्हतं. हे पाटीवर आखूड आणि लांब रेघा काढून ठेवत. भाकरी झाल्या की मी चुलीपाशी बसून त्या रेघा पितळी थाळीवर चमच्याने वाजवायची. आखूड असली की ठोका देऊन लगेच तळहाताने थाळी दाबायची, लांब असली की वाजू द्यायची. अक्षराचं नाव ठाऊक नसलं तरी त्याची चाल पाठ होत गेली. परवान्याबरोबर आमच्या केंद्राला नाव म्हणून जी अक्षरं मिळाली, त्यांची चाल तर मी दळतानाही मनात घोळवायची.

खांब उभा करताना मोटेचा नाडा बल्लीला बांधला आणि बैल जुंपले. बैल दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत, म्हणून मामाजींनी स्वतःच हाकले. तोंडाने शिव्या चालू होत्या, पण बैल असे जपून ओढत नेले की जोड जरासुद्धा कुरकुरला नाही. तीन बाजूंनी ताण दिले. शेंड्यापासून कडुनिंबापर्यंत तांब्याची तार बांधली.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काहून वं, औंदा पोळा तुमच्याच आंगनात भरून राह्यला का? केवढा हा तोरणाचा खांब!"

मी पदर पुढे ओढून आत गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी हे हाक देत आणि कोणी ओ देत नसे. दुसऱ्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येई, आमचं कोणालाच पोचत नसे. मामाजी ओसरीतून विचारत, "लेका, पोहरा विहिरीत सोडला का हवेत?"

रोहिणी निघाली, मृग तोंडावर आला. गोठ्याचे खड्डे खणून झाले. मामाजींनी सुताराला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. त्या दुपारी यांनी मान वर करून तारेकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तार बांधली तेव्हा कडुनिंब उघडा होता. आता त्याला पालवी फुटून तारेचं टोक पानांत पार बुडालं होतं, हाक तिथेच जिरत होती. यांनी ते सोडवून विहिरीजवळच्या खांबाला बांधलं.

संध्याकाळी पुन्हा हाक दिली. उत्तर नाही. वाऱ्याने तार सैल झालेली दिसली, म्हणून ऐकायचे फोन माझ्या कानांवर चढवून हे विहिरीकडे निघाले. "काही आलं तं हाक मार," म्हणाले.

हाक कशी मारू? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. 'अहो' म्हणायचं, तेही मामाजी नसताना. आणि मामाजी ओसरीत, अगदी दारातच बसलेले.

कानात खरखर होती. तिच्या मागून बारीक शीळ आली. तीन आखूड, एक लांब, आणि पुढे ओळखीची सगळी चाल. आमची अक्षरं! कोणीतरी दुरून आम्हालाच बोलावत होतं. यांना यायला उशीर झाला तर तो निघून जाईल, आणि उद्या सुतार येणार.

मी फोन उतरवले, चुलीपाशी धावले, थाळी उचलली आणि दारात येऊन आमची अक्षरं वाजवली. लग्नापासून माझा एवढा आवाज त्या घराने ऐकला नव्हता.

"काय झालं सूनबाई? साप निघाला का?" मामाजी काठी घेऊन उठले.

कुंपणावर काकू आल्या. "टोळ आले का वं?"

डोक्यावरचा पदर पडला तो सावरला नाही, मी वाजवतच राहिले. विहिरीवरून हे धावत सुटलेले दिसले तेव्हा कुठे माझा हात थांबला.

तो माणूस अजून होता. सिलोनमधला कोणी चहामळ्यावरचा गृहस्थ. हे भराभर ठोके देत होते, घामाने सदरा भिजला होता. मामाजी वाकून बघत म्हणाले, "काय म्हणून राह्यला थो?"

"म्हणते, तुमचं चांगलं ऐकू येऊन राह्यलं."

"त्याले इचार, तिकडं पावसाचं पाणी लागलं का?"

यांनी विचारलं. उत्तर आलं. "लागलं म्हणते. झड लागली."

मामाजी सरळ उभे राहिले. "मंग इकडं यायले किती उशीर? गोठा तं लागनच." मामाजींनी बाहेर खांबाकडे वर पाहिलं. "सकाळी सुतार आला का त्याले वावराच्या धुऱ्यावर घेऊन ये. बाभळी तोडू. बैलाईले सागच पायजे असं काही नाही."

गोठा बाभळीचा झाला आणि खांब तिथेच राहिला. पुढे यांना जेवायला बोलवायचं झालं की मामाजीच म्हणत, "सूनबाई, वाजव तुही थाळी." मी वाजवायची. विहिरीवरून हे मोटेच्या लोखंडी चाकावर दगडाने उत्तर देत. सगळ्यांना वाटे, येतो म्हणतात. वाजे ते माझं नाव; त्याची चाल यांनी मला पाटीवर शिकवली होती, म्हणून त्या घरात ते मला एकटीलाच कळे.