तीन चमचे सोडा आणि एक ललकारी

अन्याय झाला तो रामजी बापूजी चोपदार यांच्यावर. ठिकाण देवास. वेळ, संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेला, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. अन्याय करणारा त्यांचा थोरला मुलगा. म्हणजे मी.

आबा धाकट्या पातीच्या राजवाड्यात चोपदार होते. (आमच्या एवढ्याशा गावात राजे दोन, वाडे दोन, आणि भांडायला रस्ता एकच!) चांदीची काठी घेऊन दरबारात उभं राहायचं आणि ललकारी द्यायची, एवढंच काम. पण आवाज काय! 'निगाह रखोऽऽ' म्हटलं की टेकडीवरची माकडं झाडावर चढायची, असं आई सांगते. (मी चढताना पाहिलं ते एकच. पण चढलं खरं!)

त्या काळात मी पत्रकं काढत असे. पहिलं पत्रक 'मुजरा बंद करा!' माणसानं माणसापुढं वाकणं ही गुलामी आहे, असं मी त्यात तीन उद्गारचिन्हांसह छापलं होतं. संस्थान गेलं ते त्या पत्रकामुळेच, अशी माझी खात्री होती, आणि तसं मी आबांना तोंडावर सांगितलंही. काठी जमा करून आबा घरी आले त्या दिवशी ते पहिल्यांदा बरगडीखाली हात धरून बसले.

"इथं जळतंय रे," म्हणाले.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. दुसरं पत्रक! 'खायचा सोडा, गरिबाचा वैद्य!' पोट फुगलं, सोडा. करपट ढेकर, सोडा. अन्न अंगी लागत नाही, सोडा. वैद्यबुवा म्हणजे सरंजामशाहीचं शेपूट, असंही त्यात होतं. (वाक्य चांगलं जमलं म्हणून ठेवलं. वैद्यबुवा बिचारे गरिबांना फुकट तपासत.)

"एकदा वैद्यबुवांना पोट दाखवून येऊ का?" आबांनी विचारलं.

"आबा, पत्रक कुणी काढलंय? लोक काय म्हणतील?"

"बरं," म्हणाले आबा. वाद घालायला चोपदाराला कुणी शिकवतच नाही.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. सोडा घेतला की तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा हात बरगडीखाली. आवाज तर त्यांनी काठीबरोबरच जमा केला होता जणू. घरात हळू बोलत, तेही कमी.

मग आली नळाची सभा. आख्ख्या मोहल्ल्याला नळ हवा होता आणि इंदूरहून वक्ते येणार होते. गेल्या सभेत लोक इतके कलकलले होते की वक्ता काय बोलला ते वक्त्यालासुद्धा कळलं नव्हतं. मला एकदम सुचलं.

"आबा, उद्याच्या सभेत लोकांना गप्प करायचंय. एक ललकारी द्याल?"

आबांनी बरगडीखालचा हात काढला.

"कुणाच्या नावानं?"

"जनतेच्या नावानं."

"जनता किती वाजता येते?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "ती यायच्या आधी आपण उभं राहिलेलं असावं लागतं."

दोन वर्षांत ते पहिल्यांदा हसले. त्याच दुपारी पेटीतून पागोटं निघालं. अंगरख्याला आईकडून तुटलेला बंद लावून घेतला. मागच्या अंगणात जाऊन त्यांनी हळूच आवाज लावून पाहिला. आई तवा खाली ठेवून ऐकत राहिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. दरबारी माणसाच्या हातावर कुणी काही ठेवलं तर तो ते कपाळाला लावतो आणि घेतो. 'नको' म्हणत नाही. विडा असो, प्रसाद असो, काही असो. आबांनी जन्मभर हेच केलं.

सभेचा दिवस म्हणजेच सणाचा दिवस. आईनं बाफले, म्हणजे कणकेचे भाजून तुपात बुडवलेले गोळे, केले होते. एक वाढला, आबांनी घेतला. दुसरा, घेतला. चौथ्या बाफल्याला त्यांचा हात बरगडीखाली गेला. आईनं लगेच चमचाभर सोडा पाण्यात ढवळून दिला. कपाळाला लावला, प्यायले. निघताना मी पाहिलं, चेहरा उतरलेला. आईनं दिलाय हे मला कुठं ठाऊक! मी माझ्या पत्रकाप्रमाणे चमचाभर सोडा दिला, वर अर्धं लिंबू पिळून. कपाळाला लावला, प्यायले. सभेच्या कोपऱ्यावर आमचे किराणावाले गेंदालालजी भेटले.

"बासाब, मुंडो कई उतर्‍यो थारो? लो, यो पी लो!"

पाण्यात सोड्याचा तिसरा चमचा! कपाळाला लावला. प्यायले.

सहा वाजून दहा मिनिटं. आबा मंचावर चढले, पागोटं सरळ केलं, माइकसमोर उभे राहिले. नुसत्या उभं राहण्यानंच पुढच्या चार रांगा गप्प झाल्या. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. आणि...

ढेकर. भोंग्यातून! मोहल्ल्यावरून थेट टेकडीपर्यंत जाऊन परत आलेला ढेकर!

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भिया, महाराज पधारिया कई?" दुसरा म्हणाला, "फेर से केवो, बासाब, समज में नी आयो!" सगळी सभा हसून लोळायला लागली. इंदूरच्या पाहुण्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. पण सगळ्यांच्या आधी कोण हसलं, ते कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. माइकला सर्वांत जवळ मीच होतो.

आबांनी दुसरा श्वास घेतला नाही. दरबारातून निघताना पाठ दाखवायची नसते. म्हणून ते लोकांकडे तोंड ठेवून सात पावलं मागे सरले, जनतेला तीन वेळा मुजरा केला आणि पायरी उतरून गेले. मुजरा कुणी घेतला नाही. लोक हसून हसून डोळे पुसत होते.

पुढं नळ आला. मोहल्ल्यात त्याला 'ढेकरवाला नळ' म्हणतात. आबा तिकडून जात नाहीत.

सभेनंतर मी आबांना वैद्यबुवांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "आत व्रण आहे. जुना. सोड्यानं वरची आग विझायची, पोरा. आतली कुणी पाहिलीच नाही." आता आबा दूधभातावर आहेत, आणि इतकं हळू बोलतात की आई कान तोंडाजवळ नेते. मी एकदा विचारलं, "आधीच दोन चमचे झालेत, असं गेंदालालजींना सांगायचं नाही का?"

"दिलेलं नाकारू नये रे," म्हणाले.

हे माझं तिसरं पत्रक. वाचकहो, पहिली दोन फाडा! आबा रोज सकाळी ओट्यावर बसतात. तिथून जाल तेव्हा थांबा, कमरेत वाका आणि मुजरा करा. नीट, तीन वेळा. हसू आलं तर शेजारी मी उभा असेन, माझ्याकडे बघून हसा. फक्त आबांच्या हातात काही देऊ नका. हे पत्रकसुद्धा नाही. ते कपाळाला लावतील, आणि घेतील.