बर्फात चालायचे बूट

सुप्याच्या कारखान्यात नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मनालीतल्या स्कीइंगच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. स्की तिथे मिळणार होत्या, पण बर्फात चालायचे बूट आपले आपण न्यायचे होते. मिरजगावचे एक निवृत्त सुभेदार वडिलांच्या ओळखीचे होते. त्यांची बरीच नोकरी बर्फात झालेली. ते मुद्दाम नगरला आले आणि मला जुन्या लष्करी सामानाच्या दुकानात घेऊन गेले.

मला लाल नाड्यांचे बूट आवडले. घट्ट होते, पण वापरून सैल होतील, असं मी म्हणाले. सुभेदार बाकावर बसले आणि त्यांनी डाव्या पायातला बूट, मग मोजा काढला. त्या पायाला दोनच बोटं होती.

"असल्याच घट्ट बुटानं गेली," ते म्हणाले. "पायात रगत फिरत न्हाई, पोरी."

मी लाल नाड्यांचे बूट काढून बाजूला ठेवले. मग त्यांनी मला लोकरीचे दोन-दोन मोजे घालायला लावून एक मोठा तपकिरी जोड निवडला.

मनालीत तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या मुलीच्या पायाची बोटं पांढरी पडली. तिचे बूट नवेकोरे आणि घट्ट होते. तिला खाली दवाखान्यात नेलं.

परतल्यावर मी मिरजगावला गेले. सुभेदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरीची बोटं राह्यली का?"

"राहिली," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या डाव्या पायावरून हात फिरवला.