न दमणारी नळी

आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये एक नोंद आहे. वाहन: विमान. नंबर: नाही. चालक: नाही. कुठे चाललंय: सांगितलं नाही. वेळ: दुपारी अडीच.

वॉचमनचं काही चुकलं नाही. गेटमधून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची नोंद ठेवायची असा नियम आहे, आणि त्या दुपारी माझं विमान पार्किंगच्या उतारावरून आपलं आपण, चालत्या माणसाच्या वेगानं, गेटकडे आलं. त्यानं गेट उघडलं, बाजूला होऊन सलाम ठोकला. विमान समोरच्या फुटपाथला टेकून थांबलं. नंतर मला म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुम्ही आत वाकून बसलाय."

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, मेकॅनिकल इंजिनिअर. हे मी जिथे तिथे सांगतो, इथेही सांगतो. वडील साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहून त्यांनी मला शिकवलं. त्या शिक्षणातून मी नेरुळच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या दोन जागांवर, सहा वर्षं खपून दोन सीटचं विमान बांधतोय. पंख अजून लावलेले नाहीत. ते उडवायची सरकारी परवानगी हा वेगळा विषय. आधी ते सोसायटीत उभं राहायला पाहिजे.

आणि ते उभं राहिलं नव्हतं. दोष ब्रेकच्या नळीचा. पायानं पेडल दाबलं की एका बारीक नळीतून तेल चाकापर्यंत जातं आणि चाक धरून ठेवतं. विमान उभं करताना तो दाब तसाच कोंडून ठेवायचा, बस्स. मी प्लास्टिकची नळी लावली होती. हलकी, लावायला सोपी, आणि नकाशातही तीच दाखवलेली. दुपारच्या उन्हात ती मऊ पडली आणि जोडातून निसटली. विमानाच्या ब्रेकचं तेल लाल असतं. पार्किंगपासून गेटपर्यंत लाल रेघ बघून पहिल्या मजल्यावरच्या काकू "रक्त! रक्त!" म्हणून ओरडल्या. माझी आई मूठभर हळद घेऊन धावत आली, ती तिनं फरशीवर दाबली आणि मला म्हणाली, "बघ, थांबतंय का."

त्याच संध्याकाळी तातडीची मीटिंग. सेक्रेटरींनी ठराव वाचला: येत्या रविवारी सकाळी अकरा ते दुपारी चार, याच उतारावर, भर उन्हात, दोन माणसांच्या वजनासकट विमान उभं करायचं. इंचभर हललं तर सोमवारी भंगारवाला.

दुसरीकडे ठेवायला मला जागा नव्हती. आणि वडिलांनी मार्केटातल्या झाडून सगळ्या जोडीदारांना सांगून ठेवलं होतं की पोरगा विमान बांधतोय.

मी तीन नळ्या आणून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. एक जाड प्लास्टिकची, एक ॲल्युमिनियमची आणि एक बाहेरून स्टीलच्या तारांची वीण असलेली, आतून नॉनस्टिक तव्याला असतो तसला थर. शेजारी माझे तक्ते. कुठली किती दाब सोसते, किती उष्णता.

वडील येऊन बसले. "नळी निवडायचीय? मग मला विचारायचं की. रविवारच्या मटणात नळी कोण निवडतं?"

"आबा, ही ती नळी नाही."

"नळी ती नळी." त्यांनी प्लास्टिकची उचलून फुंकली, दोन बोटांत चेपली. "ही शेवई हाय."

मग ॲल्युमिनियमची घेतली. वाकवली, सरळ केली. वाकवली, सरळ केली. मी म्हणालो, "आबा, ती महाग आहे." त्यांनी ऐकलं नाही. दहा-बारा वेळा झाल्यावर ती काटकन मोडली.

"दमली," ते म्हणाले.

"याला फटीग म्हणतात. या विषयात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते."

"तुला मार्क मिळालं, माझा मणका गेला. एका पोत्यानं न्हाय गेला. रोज वाकून गेला."

बरोबर होतं. धावताना विमानाच्या चाकाचा पाय सारखा लवतो आणि त्याच्यासोबत नळीही. तिसरी नळी वडिलांनी बातम्या संपेपर्यंत वाकवली. शेवटी ती टेबलावर ठेवून मनगट चोळत म्हणाले, "आता मी दमलो. हीच लाव." मग दाराबाहेरच्या आमच्या गंजलेल्या ग्रिलकडे बघून, "पण आपल्या खारट हवेत हिची तार टिकंल का?"

खाडीकाठचं सारसोळे गाव आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे जेट्टीवर एक बोटवाले काका जाळं दुरुस्त करत बसले होते. मी नळी पुढे केली.

"काका, ही स्टेनलेसची आहे. गंजत नाही ना?"

"कोनी सांगला?"

"कंपनीनं लिहिलंय."

"कंपनी आलती का खाडीला?"

त्यांनी मला बोटीवर नेलं. त्यांच्या इंजिनालाही तशीच नळी होती, वरून चकचकीत. त्यांनी नखानं दोन तारा बाजूला केल्या. आत तपकिरी भुगा. "मीठ जालीत जाऊन बसतं. वरशी नवरी, आतशी खलास."

"मग काय करू?"

"वरशी कव्हर घाल, आरपार दिसल असा. दोनी टोकं बंद कर. गंज आला त डोल्यांना दिसल. आनि दर साली काढून बघ." मग पुन्हा जाळं हातात घेत, "बोट कंची हाय तुजी?"

"बोट नाही काका, विमान आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग दर साली नको, दर म्हयन्याला बघ."

शनिवारपर्यंत मी नळी बसवली. पारदर्शक कव्हर, टोकं बंद, घासू नये म्हणून जागोजागी रबराच्या पट्ट्या.

रविवारी कमिटी खुर्च्या टाकून सावलीत बसली. पोहे झाले. दोन माणसांचं वजन म्हणून वडिलांच्या जोडीदारांनी एका सीटवर बटाट्याचं पोतं असं अलगद ठेवलं की विमान हललंसुद्धा नाही. दुसऱ्या सीटवर टोपी घालून वडील चढले. सेक्रेटरींनी चाकापाशी खडूनं रेघ मारली.

बारा. एक. दोन वाजता पाच जणांनी मागून ढकललं. सेक्रेटरींची चप्पल सरकली, विमान नाही. अडीच वाजता वॉचमन उठून गेट उघडं ठेवून आला, अनुभवानं.

तीन वाजता कोणीतरी ओरडलं, "लाल!"

चाकाशेजारी, खडूच्या रेघेवरच, एक लाल थेंब. मग दुसरा. अख्खी कमिटी उभी राहिली. सेक्रेटरींनी खिशातून मोबाइल काढला, त्यात भंगारवाल्याचा नंबर होता. मी गुडघ्यावर बसलो, नळीवरून हात फिरवला. कोरडी. जोड कोरडे. तेवढ्यात तिसरा थेंब माझ्या मानेवर पडला. तो मी बोटावर घेतला आणि सगळ्यांसमोर चाखला.

आंबटगोड.

वर वडील रिकामा ग्लास मागे लपवत होते. "कोकम सरबत हाय," ते म्हणाले. "काकूंनी दिलं. हात हलला जरा."

चार वाजले. चाक रेघेवर होतं. सेक्रेटरींनी वाकून, चष्मा काढून, पुन्हा घालून बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या विमान."

तेव्हा मागून एका सभासदांनी हात वर केला. "माझा एक मुद्दा आहे. पाच तासांत, ढकलूनही, जे इंचभर हललं नाही, ते उडणार कसं?" हाही मुद्दा मिनिट्समध्ये घेतला गेला.

वॉचमन रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, काय लिहू? आत आलं नाही, बाहेर गेलं नाही."

मी विचार करत होतो, तोवर बटाट्याशेजारी ऐसपैस बसलेले वडील वरून म्हणाले, "लिही, दमलं न्हाय."

त्यानं तसंच लिहिलं.