निकाल राखून ठेवला आहे

बाई आधी हवेत आकडा लिहायच्या आणि मग त्याच्याखाली रेघ ओढायच्या. रेघ ओढली की बोलणं संपलं. समोरच्यानं कितीही तोंड वाकडं केलं तरी एकच उत्तर मिळायचं, "फेरतपासणी नाही."

आमच्या वाडीत लग्नाची पंगत उठली की यजमान आधी बाईंकडे बघायचा. "बासष्ट," बाई म्हणायच्या. "मठ्ठ्यानं गुण घालवले." गणपतीची आरास, नव्या सुनेचा चहा, डागडुजी केलेला जिना, सगळ्यांना गुण मिळायचे. शेजारचे एक आजोबा गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला बाईंनी सत्तर दिले होते, वेळेवर निघाली म्हणून. त्यांचा मुलगा पुढं कित्येक दिवस ते कौतुकानं सांगत असे. तुमच्याही शेजारात असं कुणी असेल. त्याचं ऐकायला नको वाटतं आणि ऐकल्याशिवाय चैनही पडत नाही.

बाईंनी गिरगावातल्या शाळेत गणित शिकवण्यात हयात घालवली. मीही त्यांच्या हाताखालून गेलो. लग्न त्यांनी केलं नाही. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत पहिल्या मजल्यावर त्यांची एक खोली, पुढं गॅलरी, आणि गॅलरीच्या बरोबर खाली वाडीचा हॉल. त्या हॉलमध्ये आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या तालमी चालत, त्यामुळे प्रयोगाच्या आधीच बाईंना नाटक पाठ झालेलं असे. माझं मंडळातलं काम पडदा ओढण्याचं. त्यात मी अठ्ठेचाळीसच्या वर कधी गेलो नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मंडळानं नवं संगीत नाटक बसवलं. खानावळ चालवणारी एक विधवा पन्नाशीत दुसरं लग्न करते, अशी गोष्ट. खानावळवाली झाली होती वैशाली. ही लालबागची. गिरगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची आणि सुटली की थेट तालमीला यायची. वडील गिरणीत होते, ते गेले. घरी आई. आईची नजर जवळजवळ गेलेली, पण कान शाबूत. वैशालीचा आवाज भरदार आणि थोडा खरखरीत. ती गायला लागली की माणसं पाय हलवणं थांबवत. बोलताना घरची मालवणी मध्येच डोकावायची, आणि गाण्यातही.

तालमीनंतर ती वर बघून विचारायची, "बाई, किती?"

"पेपर अजून पुरा झालेला नाही," बाई गॅलरीतून सांगायच्या आणि आत जायच्या. वैशालीला त्यांनी कधी गुण दिले नाहीत. वाडीतल्या मांजरालासुद्धा मिळाले होते. वैशाली हसून सोडून द्यायची, पण तिला ते लागत असे.

प्रयोग बरे चालले. मग नाटकाची गाणी दादरच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकायचं ठरलं. सगळ्यांनी गाऊन झालं, आणि काही दिवसांनी आमच्या संगीतकारानं वैशालीला बाजूला घेऊन सांगितलं, की तिची चारही गाणी दादरच्याच एका तयारीच्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घेतली आहेत. "स्टेजवर तुझे उच्चार खपून जातात गं, माइकमध्ये कानाला लागतात." गाण्यांसोबतच्या चित्रावर "मूळ नटसंचाच्या आवाजात" ही ओळ मात्र तशीच राहिली, कारण ते आधीच तयार करून झालं होतं. मंडळातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. वैशालीनं भांडण केलं नाही. घरी सांगायलाही तिला धीर झाला नाही, कारण आईनं लालबागच्या अख्ख्या बिल्डिंगला आधीच सांगून ठेवलं होतं.

गाणी आली आणि अभिप्रायांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, खानावळवालीच्या आवाजात मध आहे. परदेशातल्या एकाला गावाची आठवण येऊन रडू आलं, आणि तो होता मूळचा शिवाजी पार्कचा. एकाला ऑर्गन फार वाजतो असं वाटलं, दुसऱ्याला ऑर्गनच ऐकू आला नाही. "हल्ली अशी नाटकं होत नाहीत," असं एका गृहस्थानं हल्लीच्याच नाटकाखाली लिहिलं. एकानं फुकट कुठं बघायला मिळेल ते विचारलं. सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं, खानावळवालीवर. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली माणसं दंडावर कापूस दाबून धरत वैशालीचं अभिनंदन करायची. ती "थँक्यू" म्हणायची आणि पुढचं नाव पुकारायची.

घरी आई दिवसभर मोबाईल कानाशी धरून बसे. येईल त्याला ऐकवी.

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्वदीच्या घरातल्यांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी अंगठे वर केले, आणि मग स्वाभाविकच कुणीतरी विचारलं, "बाई, किती?"

मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा बाई फोन हातभर लांब धरून ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"दिलीप, हा पेपर कोणी लिहिलाय?"

वर्षभर गॅलरीखालून तो आवाज ऐकलेल्या बाईला काय सांगणार?

"वैशालीला माहीत आहे?"

"आहे."

"आणि तिच्या आईला?"

मी नकारार्थी मान हलवली. बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग ग्रुपवर एका बोटानं टाइप केलं, "निकाल राखून ठेवला आहे."

वाडी हसली. बाईंचं वय झालं, असं दोघातिघांनी म्हटलं. वैशालीला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती जिना चढून वर आली. मी तिथंच होतो, बाईंचा पंखा बघायला आलेला.

"बाई, हात जोडते, कुठे बोलू नका. आई त्याच्यावर जगतेय हल्ली."

"मी कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा पेपर तुझ्या नावावर लागलाय. तू बोलशील तेव्हा बोलशील."

ती उठून गेली. तिचे डोळे भरले होते. मला बाईंचा राग आला. एवढं कोरडं बोलायची गरज नव्हती.

पुढचा प्रयोग दादरला होता. गाणी ऐकून तिकिटं भराभर गेली, आणि संगीतकाराला घाम फुटला. लोक येणार तो मधाचा आवाज ऐकायला. त्यानं तोड काढली. खानावळवालीच्या गाण्यांना स्टुडिओतला आवाज लावायचा, वैशालीनं नुसते ओठ हलवायचे. वैशाली हो म्हणाली. आई प्रयोगाला कधी येत नसे, दिसत नाही तर जाऊन काय करू, म्हणायची. त्यामुळे त्या बाजूनं तरी धोका नव्हता.

ही गोष्ट बाईंना कळली ती अर्थातच गॅलरीतून. प्रयोगाच्या दिवशी दुपारी त्यांनी टॅक्सी केली, लालबागला उतरल्या, वैशालीच्या आईला जिन्यावरून हाताला धरून खाली आणलं आणि घेऊन आल्या थेट दादरला. पहिली घंटा झाली तेव्हा दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि जाऊन वैशालीला सांगितलं. सांगायला हवंच होतं.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग मेकअपमधूनही उतरलेला दिसला. "बाईंनी असं का केलं रे?" ती म्हणाली. तिसरी घंटा होईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. मग उठली आणि ध्वनीच्या टेबलाशी गेली. "माझी गाणी लावू नका," एवढंच म्हणाली. संगीतकार मागं धावला, तोवर मी पडदा ओढला होता. थोडा लवकर ओढला, हे मान्य करतो.

पहिल्या गाण्याला नाट्यगृहात कुजबुज झाली. लोकांना आवाज ओळखीचा वाटेना. पहिल्या कडव्यात तिचा सूर एकदा हललाही. मी विंगेत दोर घट्ट धरून उभा होतो, जणू तो सुटला तर तीच पडेल. दुसऱ्या कडव्याला कुजबुज थांबली, आणि थोड्या वेळानं लोक पाय हलवायचे थांबले. टाळ्या बेताच्या झाल्या. पुढच्या गाण्यांना वाढत गेल्या. मधाची वाट बघणारे काही जण मध्यंतरात गेले असतील, मी मोजले नाहीत.

प्रयोगानंतर आई रंगपटात आली, बाईंच्या दंडाला धरून. वैशाली समोर उभी राहिली. आईनं तिचा चेहरा चाचपला.

"आता कसा माझ्या पोरीचा गाणा वाटला," ती म्हणाली. "मोबाईलात तुका सर्दी झालेली काय गो?"

आम्ही सगळे हसलो. वैशाली हसली नाही. "आई, तो माझा आवाज नाही. दुसरीचा आहे."

आईनं तिच्या चेहऱ्यावरचा हात काढला नाही. मग तिनं विचारलं, "मगे त्या चेडवाचा नाव काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. संगीतकारानं खाली मान घालून त्या गायिकेचं नाव सांगितलं. आठवड्याभरात ते इंटरनेटवर गाण्यांखाली लागलं, आणि त्याच दिवशी ग्रुपवर बाईंचा निकाल आला. त्या दादरच्या मुलीला एक्याऐंशी. खाली लिहिलं होतं, "वैशालीचा वेगळा लागेल."

तो लागला नाही. वैशाली तालमीला यायची तेव्हा वर बघायची, पण आता विचारत नसे. बाईही काही बोलत नसत. माघात त्यांना ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेलं आणि तिथून त्या परत आल्या नाहीत.

खालच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. जुने विद्यार्थी भरपूर आले, मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं आपले नापासाचे किस्से सांगून गेली. वैशालीला कुणीतरी गायला सांगितलं, ती नको म्हणाली. सभा संपली, माणसं पांगली. आम्ही दोघंतिघं सतरंज्या आवरत होतो. वैशालीची आई भिंतीला टेकून बसली होती.

"एकदा तरी बोलायचं होतं त्यांनी," वैशाली सतरंजीची घडी घालता घालता म्हणाली. "वाईट तर वाईट."

"बोलाक काय होया होता?" आई म्हणाली. "त्या दिवशी नाटकात तू गाऊक लागलंस, तसो बाईंनी माझो हात धरलो. तेंचो घामान ओलोचिंब. लटलट कापत होतो. तुझा गाणा संपासर सोडल्यानी नाय."

वैशालीनं हातातली सतरंजी खाली ठेवली. ती जाऊन आईजवळ बसली.

"खंयचो हात?" तिनं विचारलं.

आईनं उजवा हात पुढं केला.