पन्नासांची पंगत

नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर करोनाची सूचना होती ती माझ्याच अक्षरातली. समारंभाला पन्नासच माणसं, तोंडाला मास्क, दोघांत सहा फूट अंतर, खोकला असेल तर घरीच थांबा. खाली लाल खडूनं दोन रेघा. जिन्यात कोणी मास्क खाली करून बोलताना दिसलं की मी तिथंच झापायचो. मास्तरकी सुटली होती, सवय सुटली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

कारण पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं आणि आमची यादी निघाली दीडशेची. बायको म्हणाली, "पन्नासच बोलवा नं." मी म्हटलं, "कोणाले वगळू? जन्मभर तोंड वाकडं करतील." मग मीच डोकं चालवलं. गच्चीवर पन्नास-पन्नासच्या तीन पंगती बसवायच्या. एक उठली की दुसरी. एका वेळी पन्नासच, म्हणजे झाला नं नियम पाळून! स्वतःच्या हुशारीचं मला इतकं कौतुक की फोनवर ज्याला-त्याला सांगत सुटलो. जेवून उठलेले लोक कुठं जातील, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. ते कुठंच गेले नाहीत. सुपारी चघळत तिथंच गप्पा हाणत बसले.

माझी मोठी बहीण नरखेडकडच्या खेड्यात राहते. ती आधीच फोनवर म्हणाली होती, "मी नाही येत गा. तुझ्या भाऊजीले दमा आहे. मले भेव लागते." आमच्या घरी पोरीला पहिलं कुंकू आत्याच लावते. मी भडकलो. "आत्याच नाही तर मी साक्षगंध काहून करू? सगळं नियमानं होऊन राहिलं, ताई. पन्नासच लोक आहेत." धडधडीत खोटं बोललो. सकाळी स्वतः गाडी घेऊन तिला आणायला गेलो आणि संध्याकाळी स्वतःच दारापर्यंत सोडून आलो.

दिवसभर तिनं मास्क काढला नाही. पंगतीत बसली नाही. पुऱ्या आणि आलुवांग्याची भाजी डब्यात बांधून घेतली. पोरीला कुंकू लावताना फोटो काढायचा होता. मीच पुढे झालो आणि तिचा मास्क हनुवटीखाली ओढला. "तोंड तर दिसू दे वं! काय चोरावानी बांधून राहिली?" सगळे हसले, तीही हसली. मग बायांनी तिला गराडा घातला आणि बराच वेळ तो मास्क खालीच राहिला.

चार दिवसांनी तिला ताप आला. मागोमाग भाऊजींना. ती उठली. भाऊजी नाही उठले. नागपुरात त्यांच्यासाठी खाट शोधत मी दोन दिवस वणवण फिरलो. मिळाली, पण आठवड्यात ते गेले. ताईला त्यांचं तोंडही पाहू दिलं नाही.

तेरवी झाल्यावर आमचे होणारे व्याही तिला भेटायला आले. अंगणात खुर्चीवर बसून नुसतेच चुळबुळत होते. शेवटी म्हणाले, "आपल्या कार्यक्रमातून तर नाही नं लागलं?"

बोलायची वेळ होती ती. तीन पंगती, फोनवरचं खोटं, ओढलेला मास्क, सगळं तिथंच ओकून टाकायला हवं होतं. ताईच बोलली. "नाही जी. मी तिकडून एसटीनं आली. लय गर्दी होती. तिथंच लागलं असन."

मला कळलं ती असं काहून म्हणाली. लग्नाआधीच पोरीच्या पायगुणावर कोणी बोट ठेवू नये म्हणून. नवरा गेला होता तिचा, आणि सांभाळून ती घेत होती मला.

आणि मी? लिहितानाही लाज वाटते. मी मान डोलावली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण नाही. मी व्याह्यांना म्हणालो, "हो नं. एसटीत लोक मास्कच लावत नाहीत जी. किती सांगा."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. तोंडावर मास्क होता. त्या अंगणात बसलेल्या आम्हा सगळ्यांत तो एकट्या तिच्याच तोंडावर होता.